खरवसी आणि राजगिरी या दोन रंगांचा निवाडा कैसा जाहला

श्री. जिने वारा अडविला, जिने घरास आत आणि बाहेर ऐसे दोन भाग करून दिले, माणूस थकला म्हणजे जिला पाठ टेकतो, त्या भिंतीस आधी नमन. मग दारास, मग खिडकीस, आणि छतास दुरूनच. शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया, वार सांगणाराने सांगितला नाही, ते दिवशी एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर वाचणारास तेथे जाऊन पाहावेसे वाटेल, आणि ते बरे नव्हे. तेथील महाराजांस गादीवर बसून अकरा वर्षे जाहली होती आणि अकरा वर्षे दिवाणखान्याच्या भिंती पांढऱ्या चुन्याच्याच होत्या. एके दिवशी भोजनोत्तर महाराज तक्क्यास टेकले आणि समोरच्या भिंतीकडे बहुत वेळ पाहात राहिले आणि मग बोलिले, "ही भिंत आम्हांकडे पाहते." दिवाण रखमाजी जवळच होते, ते बोलिले, "पाहणारच महाराज, तिला दुसरा उद्योग काय?" महाराज बोलिले, "पाहो बापडी, परंतु ऐसे टक लावून न पाहो. हिला रंग द्या. ऊब असावी, उकाडा नसावा. रंग असावा, परंतु रंग दिला आहे ऐसे कोणाच्या ध्यानी येऊ नये." दिवाणांनी मान डोलविली, कारण शेजारच्या राज्यात दिवाणखान्यास तांबडा रंग दिला होता, तो तेथील सरदार उठता-बसता भांडू लागले आणि शेवटी त्या राज्याने आपणावरच स्वारी केली आणि ती जिंकली, ही गोष्ट ताजी होती.

मग हे काम तिमाजीपंत भिंतनवीस यांजकडे आले. इतर राज्यांत किल्ल्यांचे, कोठारांचे, हत्तींचे कारभारी असतात. या राज्यात भिंतींचाही होता. रोज सकाळी वाड्यातील एकेका भिंतीस बोटाच्या पेराने टकटक करावी, ओल विचारावी, भेग विचारावी, कोणी झुकली असेल तर धीर द्यावा, ऐसे ते काम, आणि ते पंतांच्या घरी चार पिढ्या चालत होते. पंत अंगाने बारीक, स्वभावाने सावध, कोणाच्या घरी गेले तर आधी भिंतीचे कुशल विचारीत आणि मग माणसांचे. त्यांचे कुटुंब आवडाबाई. लग्नास सोळा वर्षे जाहली होती, मूलबाळ नव्हते, म्हणोन दोघे एकमेकांशीच भांडत आणि त्यात दोघांचाही वेळ बरा जाई.

पंतांनी सुभानजी जिनगर रंगारी यास बोलाविले आणि सुभानजीने त्रेसष्ट रंग पाट्यांवर लावून आणिले. हळदी रंग पाहताच दिवाणांस कावीळ जाहल्यासारखे वाटले, तो गेला. मोतिया पाहून महाराज रडले, कारण विचारले तो सांगितले नाही, तोही गेला. विटकरी रंगाकडे पाहून एक सरदार उगाच हसत सुटले आणि त्यांस घरी पोचवावे लागले. ऐसे करता करता दोन रंग उरले. एक खरवसी, म्हणजे खरवसाची घट्ट वडी सुरीने कापिली असता आत जो रंग निघतो तो. दुसरा राजगिरी, म्हणजे राजगिऱ्याचे दाणे परातीत पसरून चार पावले मागे सरले असता जो दिसतो तो. दोहोंत अंतर किती म्हणाल, तर डावीकडून पाहिले असता खरवसी किंचित पिवळा वाटे, उजवीकडून पाहिले असता राजगिरी किंचित पिवळा वाटे, आणि समोरून पाहिले असता पाहणाराच किंचित पिवळा वाटे. तरी दरबारात तत्काळ दोन पक्ष जाहले. दिवाण रखमाजी राजगिरीचे, सेनापती खरवसीचे. एका सरदाराने सख्ख्या भावाशी बोलणे टाकिले, आणि मग चौकशीअंती कळले की दोघेही खरवसीचेच आहेत, परंतु तोवर बोलणे टाकून बरे वाटू लागले होते, म्हणोन तैसेच ठेविले.

अशा प्रसंगी त्या राज्याचा एक रिवाज होता. दोन्ही रंगांचा एकेक हात, माणसाच्या उंचीचा, उत्तरेच्या भिंतीवर शेजारी शेजारी द्यावा आणि नऊ दिवस पाहावा. आणि नुसता रंग पाहू नये, कारण भिंत माणसांसाठी असते. तरी एक जिवंत माणूस सकाळी एका रंगास पाठ लावून उभे करावे आणि दुपारनंतर दुसऱ्यास, आणि मग माणूस कोठे बरे दिसते ते ठरवावे. हे माणूस भिंतनवीसाच्या घरचेच पाहिजे, म्हणजे भिंतनवीस पाहण्यात कुचराई करणार नाही. नऊ दिवसांनी जो रंग ठरेल त्याचा दुसरा हात सर्व दिवाणखान्यास द्यावा, आणि जो ठरणार नाही तो लोखंडी पात्याने खरवडून त्याचा भुगा नदीत सोडावा. आणि एकदा पहिला दिवस उभे राहिले की नऊ पुरे करावे. मधेच सोडील त्याची भिंतनवीसी जाईल आणि घरही जाईल, कारण घर भिंतीचेच.

पंतांनी हे घरी सांगितले तो आवडाबाई बोलिल्या, "म्हणजे सोळा वर्षे चुलीपाशी उभे केलेत ते पुरले नाही, आता भिंतीपाशी?" पंत बोलिले, "नऊच दिवस. नुसते उभे राहायचे." बाई बोलिल्या, "नुसते उभे राहणाऱ्याचे पाय तुमचे नसतात म्हणून म्हणता. आणि उडदाचे पापड वाळत घातलेत त्यांचे काय? आणि काय हो, रंग मी पाहायचा नाही, मला रंगासकट दुसऱ्यांनी पाहायचे, आणि मत माझे कोणी विचारायचे नाही?" पंत बोलिले, "रिवाजात मताचे काही लिहिलेले नाही." बाई बोलिल्या, "ते लिहिले असते तर आपल्या स्वयंपाकघराला तो पोपटी रंग नसता." आणि मग दुसरे दिवशी चांगले लुगडे नेसून गेल्या.

पहिले तीन दिवस काही विशेष जाहले नाही. सकाळी बाई खरवसीस पाठ लावून उभ्या राहिल्या तो नीट आवडाबाईच दिसल्या, कपाळावरची आठीही मोजता यावी ऐशा. दुपारनंतर राजगिरीपाशी उभ्या राहिल्या तो किंचित मऊ दिसल्या. दिवाण बोलिले, "पाहा, राजगिरी माणसास कैसा सौम्य करितो." चौथे दिवशी दुपारी पंतांस बाईंच्या लुगड्याचा काठ कोठे संपतो आणि भिंत कोठे सुरू होते ते कळेना. भिंतनवीसांच्या शिकवणीत ऐसे आहे की एका रंगाकडे तीन दिवसांवर पाहिले की नजर बसते आणि चौथे दिवसापासून आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. पंतांनी शिकवण पाळिली आणि डोळ्यांवर विश्वास ठेविला नाही. पाचवे दिवशी बाईंचा डावा कोपर दिसेना. पंतांनी डोळ्यांस गुलाबपाणी लाविले आणि मग गुलाबपाणी लाविलेल्या डोळ्यांनीही कोपर दिसेना.

त्या दिवशी घरी परत येताना बाई बाजारात वांगी घेण्यास थांबल्या, तो भाजीवालीने त्यांच्या अंगावरून हात पुढे काढून मागच्या बाईस वांगी दिली. बाई बोलिल्या, "अगं ए, मी आधी आले." भाजीवालीने इकडे तिकडे पाहिले आणि आपल्या मुलीस बोलिली, "दिवसभर उन्हात बसले की कान वाजतात मेले." घरी येऊन बाईंनी पोळ्या केल्या. तव्यास हात लागला तो चटका बसला नाही. त्यांनी तो हात पंतांपुढे धरिला आणि बोलिल्या, "हे धुऊन जात नाही." पाहतात तो मनगटापासून कोपरापर्यंत राजगिरी. पंतांनी बोटाच्या पेराने, सवयीने, त्यावर टकटक केली. आवाज आला. भरीव भिंतीचा येतो तैसा. दोघेही काही बोलिले नाहीत, आणि त्या घरात दोघेही काही बोलिले नाहीत ऐसे सोळा वर्षांत प्रथमच जाहले.

सहावे दिवशी सकाळीच पंत सुभानजीकडे गेले आणि विचारिले, "राजगिरीत घातलेस काय?" सुभानजी बोलिला, "चुना, डिंक, दूध. खरवसीत जे, तेच. फक्त खरवसीत पिवडी आहे आणि यात माती." "कोठली माती?" "आडखिंडीतली. तेथे लमाणांचा एक तांडा मुक्कामास उतरला होता म्हणतात. तांडा दिसत नाही, परंतु बैलांच्या घुंगरांचा आवाज येतो. आणि दुपारी स्वयंपाकाचा वास येतो, लसणीची फोडणी. माती मात्र सुरेख आहे पंत, लोण्यासारखी." पंत बोलिले, "आणि हे तू आत्ता सांगतोस?" सुभानजी बोलिला, "तुम्ही रंग विचारिला होता, वास विचारिला नव्हता." तेथून पंत धावत दिवाणांकडे गेले आणि बोलिले, "उभे राहणे थांबवा, माझे माणूस भिंतीत चालले." दिवाण बोलिले, "किती दिवस जाहले?" "पाच." "मग चार राहिले," ऐसे बोलून दिवाणांनी तबकातला विडा पुढे केला. पंत घरी येऊन बोलिले, "घर गेले तर जावो, आजपासून जाऊ नको." बाई बोलिल्या, "आणि राहायचे कोठे? तुमच्या भावाकडे? त्यापेक्षा भिंत बरी." आणि मग हसल्या आणि गेल्या, परंतु हसताना दात दिसले आणि ओठ दिसले नाहीत.

सातवे दिवशी दुपार टळली, महाराज उठून गेले, दरबार मोकळा जाहला आणि पंत बोलिले, "चल, जाहले आजचे." राजगिरीतून आवाज आला, "येते." मग थोड्या वेळाने आवाज आला, "अहो, कोठून यायचे?" पंत पुढे गेले आणि त्यांनी रंगावर दोन्ही तळवे ठेविले. भिंत कोमट होती. बोटाने टकटक केली तो आतून टकटक आली. पंत तेथेच खाली बसले. आतून बाई बोलिल्या, "रडू नका. ओल धरेल." मग बोलिल्या, "येथे गर्दी आहे हो. कोणी दिसत नाही, परंतु मागून कोणी तरी सारखे म्हणते की जरा पुढे सरा."

सुभानजीस बोलाविले. त्याने भिंतीस कान लाविला, मान हलविली आणि बोलिला, "पंत, पहिला हात वाळला म्हणजे माती आत घेते, बाहेर सोडीत नाही. त्यावर त्याच रंगाचा दुसरा हात फिरला तर ओला असेतो उघडी असते. घटकाभर. तेवढ्यात ओढून काढले तर निघेल. नंतर मिटली की मिटली." पंत बोलिले, "मग फिरव आत्ताच." सुभानजी बोलिला, "निवाड्यावाचून दुसरा हात दिला तर माझा हात तोडतील. दोनच आहेत. आणि निवाडा खरवसीचा जाहला तर राजगिरी खरवडतील, तेव्हा..." आणि त्याने पुढचे वाक्य कुंचल्यासारखे झटकून टाकिले. पंतांस सर्व कळले. राजगिरी जिंकला तर बायको निघेल आणि चारी भिंती राजगिरी होतील आणि त्यांस पाठ टेकणारा सर्व दरबार आत जाईल. खरवसी जिंकला तर दरबार वाचेल आणि बायको भुगा होऊन नदीतून जाईल. पंतांनी याचा विचार केला आणि तो फार वेळ केला नाही.

दोन दिवस पंत भिंतीपाशी बसून राहिले; बाई उभ्याच होत्या, म्हणोन रिवाज मोडला ऐसे कोणी म्हटले नाही. जेवण तेथेच आणीत, आणि बाईंस निदान वास तरी यावा, म्हणोन पान भिंतीस लावून ठेवीत. बाई आतून सांगत, "भेंडीत मीठ जास्त पडले. कोणी केली?" "मी." "कळते." नववे दिवशी दरबार भरला. दिवाण एकीकडे, सेनापती एकीकडे, महाराज मध्ये. रिवाजाप्रमाणे भिंतनवीसाने आपले पाहणे सांगावयाचे. चार पिढ्यांत कोणा भिंतनवीसाने कोणत्याही रंगाची बाजू घेतली नव्हती. दोन्हीकडे दोन्ही आहे, ऐसे बोलून ते खाली बसत आणि त्यामुळेच चार पिढ्या टिकले होते. पंत उठले आणि बोलिले, "महाराज, राजगिरी. खरवसी म्हणजे आजारी माणसाच्या उशीचा अभ्रा. सकाळी बरा, दुपारी पिवळा, दिवे लागणीस तुपकट. त्यापुढे उभे राहिलेले माणूस जैसेच्या तैसे दिसते, आणि महाराज, दरबारात जैसेच्या तैसे कोण बरे दिसते?" येथे सेनापती खोकले. पंत बोलिले, "राजगिरी माणसास आपला म्हणतो. दुसरा हात द्या, महाराज. आजच द्या. आत्ता द्या." दिवाणांस आनंद जाहला आणि संशयही आला.

इतक्यात भिंतीतून आवाज आला, "मुळीच नाही. खरवसी." पंत भिंतीकडे वळून बोलिले, "तू गप्प बस." भिंत बोलिली, "सोळा वर्षे गप्पच बसले. या सगळ्यांच्या घरी बायका वाट पाहत बसतील. मी येथे उभी आहे ते पुरे, आणखी चाळीस जण कशाला? आधीच गर्दी आहे." पंत बोलिले, "मला चाळीस जणांशी कर्तव्य नाही." भिंत बोलिली, "ते मला ठाऊक आहे. तरी म्हणते, खरवसी घ्या. जन्मात एक भिंत तरी माझ्या मताने होऊ द्या." पंत बोलिले, "तुझ्या मताने झाली तर पाहायला तू कोठे असशील?" भिंत हलकेच बोलिली, "तुम्ही जेवत चला वेळेवर."

आता कोणासही वाटेल की भिंत बोलिली म्हणोन दरबारात पळापळ जाहली. तैसे काही जाहले नाही. महाराज गालावर हात ठेवून ऐकत होते, आणि ते विवाहित होते. ते दिवाणांस बोलिले, "आमचे येथे हेच चालते. आम्ही एक म्हणावे, आतून दुसरे यावे." मग कृपाळू होऊन बोलिले, "भिंतीचे मत आजवर कोणी विचारिले नाही, हे आमचे चुकले. परंतु भिंतनवीसाचेही मोडवत नाही. दोन्ही रंग अर्धे अर्धे कालवा आणि त्याचा दुसरा हात द्या. खरवडणे कोणतेच नको. उठा." ऐसा निवाडा दोन्ही पक्षांस सारखाच नावडला, म्हणोन तो न्यायाचा ठरला.

सुभानजीने तेथेच दोन घागरी एका घंगाळात ओतिल्या आणि काठीने ढवळू लागला, आणि ढवळता ढवळता पंतांच्या कानाशी बोलिला, "पंत, राजगिरी अर्धाच आहे. दार अर्धेच उघडेल." पंतांनी बाह्या वर सारिल्या. कुंचला फिरला. ओल्या रंगात आधी नाकाचा शेंडा आला, मग हनुवटी, मग बांगड्यांसकट दोन हात, आणि पंतांनी ते हात धरिले आणि पाय भिंतीस देऊन ओढिले. दरबारी लोक पाहात होते. कोणी मदतीस आले नाही, कारण रंग ओला होता आणि सर्व पांढरे नेसले होते. आतून कोणी तरी ढकलतही होते, ऐसे बाई पुढे सांगत. लमाणी बोलीत काही बोलिले आणि दोन्ही खांद्यांस धरून पुढे लोटले. घटका भरत आली आणि भिंतीने मोठा श्वास टाकावा ऐसा आवाज जाहला आणि आवडाबाई बाहेर येऊन पंतांच्या अंगावर पडल्या. तोंड त्यांचे, आठी त्यांची, लुगडे त्यांचे. पंत बोलिले, "आलीस." बाई बोलिल्या, "आले. पाठ गार वाटते." मग त्या पदर सावरावयास वळल्या आणि दिसेनाशा जाहल्या. पुन्हा इकडे वळल्या आणि दिसल्या. समोरून आवडाबाई होत्या. मागून जे काही होते ते जिथल्या तिथे, मागे जी भिंत असेल तिच्यासारखे. पाठ आत राहिली होती.

दिवाणखाना चारी बाजूंनी रंगविला. रंग सुरेख जाहला. उबदार, आणि दिला आहे ऐसे कोणाच्या ध्यानी येऊ नये ऐसा. दरबारी लोक आणि महाराजही त्यास पाठ टेकून बसू लागले आणि महिनाभरात सर्वांच्या पाठी गेल्या. परंतु हे कोणास कळले नाही, कारण महाराजांस पाठ दाखवावयाची नाही, सर्वांनी समोर तोंड ठेवून मागे मागे सरत बाहेर जावयाचे, हा तेथील शिरस्ता होता. पाठ दाखविण्याचा अधिकार एका महाराजांचा. पौष वद्य पंचमीस महाराज दरबार आटोपून उठले आणि वळले. ते येताना सर्वांनी पाहिले होते. जाताना कोणी पाहिले नाही. गेले की उभे आहेत हे कळेना, आणि महाराज उभे असता बसणे अथवा निघणे बरे नव्हे, म्हणोन सर्व दरबार हात जोडून उभा राहिला, आणि जे मागे सरले ते सरता सरता भिंतीस लागले. कारभार मात्र अडला नाही. अर्ज आत ठेवावा, दुसरे दिवशी त्यावर शिक्का असतो. शिक्का कोमट असतो.

पंत आता तेथे जात नाहीत. बाई बाजारास निघाल्या म्हणजे पंत त्यांच्या पुढे उलटे चालतात, तोंड बाईंकडे करून, आणि वाटेत लोकांस, गाईंस, कधी विहिरीच्या काठास धडकतात. लोक हसतात. बाई सांगत असतात, "डावीकडे घ्या. शेण आहे. अहो, डावीकडे." एके सकाळी बाईंनी वेणी घातली आणि अबोलीचा गजरा पंतांच्या हाती दिला आणि पाठमोऱ्या होऊन बसल्या. पंतांस समोर आपल्या स्वयंपाकघराची पोपटी भिंत दिसली, आणि तिच्यावर रोज सकाळी असते तितकेच ऊन. त्यांनी हात पुढे केला, चाचपले, केस लागले, ऊब लागली, आणि त्यांनी गजरा माळला. तो पोपटी भिंतीपुढे अधांतरी राहिला आणि श्वासाबरोबर थोडा हलत होता. बाई बोलिल्या, "कसा दिसतो?" पंत बहुत वेळ पाहात राहिले आणि मग बोलिले, "थोडा डावीकडे पाहिजे होता," आणि पुन्हा हात पुढे केला.

येणेप्रमाणे दोन रंगांचा निवाडा जाहला. खरवसी बरा की राजगिरी, हे त्या राज्यात अद्याप ठरलेले नाही. लिहिणाराने जे ऐकले ते लिहिले. पुष्कळसे भिंतीस कान लावून ऐकले, म्हणोन एक कान किंचित पिवळा दिसेल, त्याची क्षमा असावी. लेखनसीमा.